बाबांची जुनी फायबरची कयाक पुन्हा पाण्यात उतरवायची आहे

मुचकुंदी | 14 ऑक्टोबर, रात्री 9.40

नमस्कार मंडळी. इथे होड्यांचं काम जाणणारी माणसं आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून विचारते आहे.

बाबांची एक फायबरची कयाक आहे. 1991 साली मुंबईतल्या एका क्लबाने जुन्या होड्या विकायला काढल्या, तेव्हा त्यांनी ती घेतली आणि टेम्पोवर बांधून पूर्णगडला आणली. शाळा सुटली की संध्याकाळी ते खाडीत जायचे. मी लहान असताना मला पुढ्यात बसवून न्यायचे. 2009 नंतर त्यांचा गुडघा वाकेनासा झाला आणि होडी मागच्या पडवीत वाशांवर पालथी पडून राहिली. परवाच्या पावसात पडवीवर फणसाची फांदी कोसळली. ती हलवताना होडी खाली काढली आणि बाबा तिच्याशेजारी खुर्ची टाकून तासभर बसून राहिले. तेव्हाच ठरवलं, दुरुस्त करायची.

लांबी साधारण चौदा फूट. वरचा भाग लाल, खालचा पांढरा. लाल रंग विटून गुलाबट झालाय, हात फिरवला की तळव्याला भुकटी लागते. बुडाला, बसायच्या जागेच्या जरा पुढे, चार बोटं जाईल एवढं भोक आहे. जांभ्याच्या पायरीवरून ओढत नेताना पडलेलं. उजव्या बाजूला वरचा आणि खालचा भाग जिथे जोडलेत तो सांधा दीड फूट उघडलाय. तिथे कुणीतरी एम-सील भरलंय. बसायच्या जागेमागे कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा आहेत.

रत्नागिरीतला गाड्यांचा डेंटर म्हणतो, पोटीन भरून, प्रायमर मारून, ड्युको फवारून दोन दिवसांत नवीकोरी करून देतो. द्यावी का? की घरी जमण्यासारखं आहे?

मिऱ्याबंदर | 14 ऑक्टोबर, रात्री 10.55

ताई, डेंटरला अजिबात देऊ नका. त्याचं काम वाईट असतं म्हणून नव्हे. गाडीचं पोटीन पावसात भिजतं आणि वाळतं, होडीचं तासन्‌तास पाण्यात बुडून राहतं. त्यातली भुकटी पाणी पिते, फुगते, आणि वरचा रंग पापडासारखा उचलला जातो. शिवाय होडी लाटेवर वाकते, पोटीन वाकत नाही. आमच्याकडे मच्छीमारांच्या फायबर होड्या येतात, त्यांतल्या निम्म्या अशा लपवलेल्या दुरुस्त्या उकरण्यासाठीच येतात. अठरा वर्षं हेच काम करतोय.

रंगाचा विचार शेवटी करा. आधी तीन गोष्टी करून इथे लिहा.

एक म्हणजे वजन. दुसरं, होडी दोन घोड्यांवर (तिवईसारख्या लाकडी टेकूंवर) ठेवून आत बादलीभर पाणी ओता, थोडी या टोकाला थोडी त्या टोकाला कलती करा, आणि बाहेर जिथे जिथे ओल दिसेल तिथे खडूने खूण करा. दिसणारं भोक एक असतं, गळणाऱ्या जागा चार निघतात. तिसरं, होडी कोरडी झाली की पाच रुपयांचं जाड नाणं घेऊन सगळं बूड टकटक करत जा. चांगल्या जागी खण्ण असा आवाज येतो. थर सुटले असतील तिथे आवाज बद्द होतो. त्या जागेभोवती रेघ मारा.

आणि नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, आत हात घालून बघा काय लागतंय.

नदीकाठ | 15 ऑक्टोबर, सकाळी 7.20

मिऱ्याबंदर यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी सीओईपीचा, म्हणजे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा. आमचा बोट क्लब 1928 पासूनचा, आणि रेगाटाच्या (कॉलेजच्या नौकाविहार सोहळ्याच्या) आधीचे महिने आम्ही मुळेच्या काठी वल्ही मारण्यात जेवढे घालवले तेवढेच होड्यांना ठिगळं लावण्यात. तिथे शिकलेली एक गोष्ट सांगतो. कयाक मुख्यतः सांध्यावर जगते. बुडाचं भोक दिसतं म्हणून लोक ते आधी धरतात, पण लाटेत होडी पिळली जाते तेव्हा सगळा ताण त्या वरच्या-खालच्या जोडावर येतो. सांधा आतून धरलेला नसेल तर बाहेरून कितीही भरा, पुढच्या मोसमात पुन्हा उघडणार.

एम-सील पूर्ण खरवडून काढा. त्याच्यावर रेझिन (फायबरचे थर बांधणारा, वाळून कडक होणारा द्रव) धरत नाही.

मुचकुंदी | 19 ऑक्टोबर, रात्री 9.05

सगळं केलं. काजू बी घेणाऱ्याकडून ताणकाटा आणला आणि एकेक टोक टांगून मोजलं. नाळेकडे 18, मागे 13, म्हणजे 31 किलो. बाबा म्हणाले, घेतली तेव्हा एवढी जड नव्हती. शेवटच्या दोन-तीन वर्षांत ती नाक खुपसते असं त्यांना वाटायचं, पण आपलीच ताकद कमी झाली असेल म्हणून ते गप्प राहिले.

पाणी चार नाही, पाच ठिकाणी गळलं. भोक, उघडा सांधा, त्याच्याच पुढे हातभर अंतरावर एक केसासारखी भेग, आणि सीटचे दोन बोल्ट. नाण्याचा बद्द आवाज भोकाभोवती वीतभर येतो, बाकी बूड खणखणीत आहे.

नाळेच्या टोकात पिवळट फोम आहे. बोट दाबलं तर तपकिरी पाणी आलं, आणि वास कुजक्या पाचोळ्यासारखा.

मिऱ्याबंदर | 19 ऑक्टोबर, रात्री 10.30

बाबांची ताकद कमी झाली नव्हती. नाळेत पाणी साठलं होतं, त्यांना सांगा.

जुन्या काळी टोकांत फोम ओतायचे, म्हणजे होडी उलटली तरी तरंगेल. नवा असताना तो पाणी घेत नाही. पण वर्षानुवर्षं ओल्यात राहिला की त्याचे कप्पे फुटत जातात आणि मग तो स्पंज होतो. एकदा भिजलेला असा फोम आतल्या आत वाळत नाही, काढावाच लागतो. लांब दांड्याच्या खुरप्याने किंवा बांबूला पत्र्याची पट्टी बांधून उकरा. आतल्या थराला ओरखडे पडू देऊ नका. मग होडी उघडी करून सावलीत, वारा लागेल अशी, निदान तीन आठवडे ठेवा. ऑक्टोबरचं ऊन आहे तोवर उरकून घ्या. ओल्या काचेवर, म्हणजे फायबरवर, रेझिन लावलं तर ठिगळ नखाने निघेल.

फोम काढला की त्याच्या जागी काहीतरी तरंगणारं घालणं सक्तीचं समजा. हवेच्या पिशव्या मिळाल्या तर उत्तम. नाहीतर घट्ट झाकणाच्या रिकाम्या पाण्याच्या बाटल्या जाळीत भरून टोकात घट्ट बसवा आणि बांधा. रिकाम्या टोकांची कयाक उलटली की उभी बुडते, मग ती माणसालाही आधार देत नाही.

पाऊसपाणी | 20 ऑक्टोबर, दुपारी 1.15

एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवी प्लास्टिकची का नको? दगडावर आपटली तरी काही होत नाही म्हणतात.

नदीकाठ | 20 ऑक्टोबर, दुपारी 2.40

प्लास्टिकची दणकट असते हे खरं. पण तिला चीर गेली की तिच्यावर रेझिन चिकटत नाही, ती वितळवून जोडावी लागते आणि तो जोड मूळच्यासारखा होत नाही. फायबरचं तसं नाही. काच आणि रेझिन आहे तोवर तिला कितीही वेळा उभं करता येतं. आणि ताईंच्या बाबांनी नवी नाही मागितली, याच होडीशेजारी ते खुर्ची टाकून बसलेत.

मुचकुंदी | 16 नोव्हेंबर, रात्री 8.50

फोम निघाला. ओला साडेचार किलो भरला! होडी 26.5 वर आली. महिनाभर वाळवली. आता भोकाचं कसं करू ते सविस्तर सांगाल का? दुकानदाराने रेझिन, मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) आणि कोबाल्ट, हार्डनर अशा वेगवेगळ्या बाटल्या दिल्यात.

मिऱ्याबंदर | 16 नोव्हेंबर, रात्री 11.20

आधी बाटल्यांचं. हार्डनर रेझिन घट्ट करतो, कोबाल्ट त्या कामाचा वेग वाढवतो. हे दोनदा वाचा आणि घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. भडका उडतो, स्फोटही होतो. दोन्हींसाठी एकच सिरिंज, एकच चमचा वापरायचा नाही, एका कपाटात शेजारी ठेवायच्या नाहीत. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये घालून अगदी एकजीव ढवळायचा, रेझिनला जांभळट झाक येते. हार्डनर त्यानंतर, लावायच्या वेळी. माझं ऐकाल तर कोबाल्टची बाटली परत करा आणि तो आधीच मिसळलेलं रेझिन मागा, मिळतं. घरी काम करणाऱ्याने तेच घ्यावं. हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून डोळ्यांवर बंद चष्मा असल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. उडालाच तर लगेच वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवायचा आणि तसंच डॉक्टरकडे जायचं.

आता भोक. बद्द आवाज येणारा सगळा भाग कापून टाका. कीव करू नका, सुटलेल्या थरावर नवं काम टिकत नाही. मग आतल्या बाजूने भोकाची कड उतरती घासा. जाडीच्या बारा पट रुंद उतार हवा. तुमचं बूड 3 मिलीमीटर असेल तर भोकाच्या सगळीकडून साडेतीन सेंटिमीटर. ताटाच्या काठासारखा पसरट उतार दिसला पाहिजे. ताकद त्या उतारात आहे, कारण नवा थर जुन्याला जेवढ्या जास्त जागेवर भेटेल तेवढा धरतो.

बाहेरून सनमायकाचा तुकडा वॅक्स लावून भोकावर घट्ट चिकटवा, बुडाची गोलाई घेईल असा. तो तुमचा साचा. आत ॲसिटोनने पुसा आणि मग मॅट लावा. 450 ची (चौरस मीटरला 450 ग्रॅम) मॅट एक थर म्हणजे साधारण एक मिलीमीटर, म्हणजे तुम्हाला तीन थर. पहिला भोकापेक्षा किंचित मोठा, पुढचे मोठे मोठे होत उताराच्या काठापर्यंत. मॅट कात्रीने कापू नका, हाताने फाडा. फाटक्या कडेचे धागे जुन्या थरात विरून जातात, कापलेली कड पायरीसारखी उभी राहते.

रेझिन मॅटच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट लागतं. वीस बाय पंधरा सेंटिमीटरचा तुकडा म्हणजे जेमतेम 14 ग्रॅम मॅट, त्याला 30-35 ग्रॅम रेझिन. तीनही थर शंभरात भागतात. शंभर ग्रॅमला हार्डनर सव्वा ते दीड मिली, सुई काढलेल्या सिरिंजने मोजून. अंदाजाने ओतू नका. ब्रशने फासू नका, टोचत टोचत भिजवा, आणि खाचांच्या लोखंडी रोलरने हवा बाहेर काढा. पांढरे ठिपके दिसतात ती हवा असते. सगळं पारदर्शक दिसलं की थांबा. जास्त रेझिन म्हणजे जास्त ताकद नव्हे, ते नुसतं ठिसूळ होतं.

ठाणेखाडी | 17 नोव्हेंबर, सकाळी 9.10

फारच उपयुक्त. एक शंका : एपॉक्सी हे दुसरं रेझिन जास्त चिकट असतं ना? तेच का नको?

नदीकाठ | 17 नोव्हेंबर, सकाळी 11.00

चिकटतं जास्त, खरं आहे, आणि जुन्या पॉलिएस्टरवर (होडीचं आणि ताईंनी आणलेलं रेझिन तेच) एपॉक्सी उत्तम बसतं. अडचण उलट बाजूने आहे. एपॉक्सीवर मागाहून पॉलिएस्टर किंवा जेलकोट (होडीच्या बाहेरचा रंगीत रेझिनचा थर) नीट धरत नाही. म्हणजे एकदा एपॉक्सी लावलं की वरून जेलकोट विसरा, दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंगच मारायचा. दुसरं, बाजारातल्या साध्या मॅटमधले धागे एका डिंकाने बांधलेले असतात. तो पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरिनमध्ये विरघळतो, एपॉक्सीत विरघळत नाही. एपॉक्सीला विणलेलं कापड घ्यावं लागतं. बाबांच्या होडीचा पांढरा जेलकोट टिकवायचा असेल तर पॉलिएस्टरच बरं.

हिरवाकंच | 17 नोव्हेंबर, रात्री 8.30

तब्येतीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी दोन वर्षं फायबरच्या कारखान्यात होते. घासताना एन-95 चालेल, पण रेझिनच्या वासाला तो काही करत नाही, त्याला रासायनिक वाफांचे डबे असलेला मास्क लागतो. पूर्ण बाह्यांचा जुना सदरा, मनगटाला पट्टी. खाज सुटली तर खाजवू नका, गरम पाणी घेऊ नका. आधी थंड पाण्याचा लोट सोडा म्हणजे काचेचे कण त्वचेत रुतायच्या आत वाहून जातात. ते कपडे घरच्या धुण्यात टाकू नका. आणि बाबांची खुर्ची वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवा.

मुचकुंदी | 30 नोव्हेंबर, रात्री 10.10

भोक झालं! पण त्याआधी चुकले, ते सांगते म्हणजे दुसरं कुणी करणार नाही. वेळ वाचावा म्हणून मगभर, चारेकशे ग्रॅम रेझिन एकदम कालवलं. पहिला थर लावेपर्यंत मग हाताला चटका देऊ लागला, पाठोपाठ त्यातून धूर निघाला आणि प्लास्टिकचा मग एका बाजूने बसला. बाबा ओरडले, “बाहेर वाळूत!” तसाच नेऊन अंगणातल्या वाळूत टाकला. नंतर पन्नास-साठ ग्रॅम असं पसरट थाळीत कालवलं, तर काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सनमायका ओढला तेव्हा तो टप्पकन सुटला आणि खाली आरशासारखं गुळगुळीत बूड. आतून हात फिरवला तर भोक कुठे होतं ते कळत नाही. बाबांनी नाणं मागून घेतलं आणि स्वतः वाजवून बघितलं.

सांध्याचं मात्र समजत नाही. नाळेच्या आत माझा हात कोपरापर्यंतच जातो.

मिऱ्याबंदर | 1 डिसेंबर, सकाळी 6.45

तुमचा मग तापला कारण जमलेलं रेझिन स्वतःच्याच उष्णतेने आणखी भडकतं. पसरलं की उष्णता उडून जाते. हे कळलं, बरं झालं.

सांध्यासाठी हात लागत नाही. होडी उजव्या कुशीवर निजवा, सांधा खाली येऊ दे. सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे ताणून होडीभोवती गुंडाळा, म्हणजे उघडा सांधा मिटून बसेल. दोन बाय दीड इंची काठीला टोकाशी ब्रश आडवा बांधा. मॅटची अडीच इंच रुंद पट्टी फळीवर पसरून रेझिनने पूर्ण भिजवा आणि दवाखान्यातल्या बँडेजसारखी गुंडाळी करा. ती गुंडाळी आत टोकाशी नेऊन सोडा आणि काठीच्या ब्रशने उलगडत आणा. वजनाने ती सांध्यात बसते. एकाच वेळी फुटभराहून लांब पट्टी घेऊ नका. वाळल्यावर तिच्यावर दुसरी. केसासारखी भेग आहे तिच्याही पुढे वीतभर जा.

बाहेरून सांध्याला नाजूक खाच पाडून जेलकोट भरा. ताकद आतली, बाहेरचं फक्त पाणी अडवायला.

मुचकुंदी | 21 डिसेंबर, रात्री 9.30

सांधा झाला, दोन रविवार लागले. भेगांना व्ही आकाराची खाच पाडून पांढरा जेलकोट भरला, पण दोन दिवस झाले, अजून चिकट आहे. बोटाचा ठसा उमटतो. हार्डनर मोजूनच घातला होता.

नदीकाठ | 21 डिसेंबर, रात्री 10.00

नखाने दाबून बघा. खाली कडक आणि फक्त वरचा पापुद्रा चिकट, की आतपर्यंत मऊ?

मुचकुंदी | 21 डिसेंबर, रात्री 10.06

खाली कडक आहे.

नदीकाठ | 21 डिसेंबर, रात्री 10.20

मग घाबरू नका. साधा जेलकोट हवेच्या संपर्कात वरून पूर्ण वाळतच नाही. कारखान्यात तो साच्याला चिकटून असतो म्हणून तिथे प्रश्न येत नाही. वरचा चिकटा ॲसिटोनने पुसा आणि घासकाम सुरू करा. पुढच्या वेळी जेलकोटमध्ये मेणाचं द्रावण मिसळून घ्या, ते वाळताना वर येऊन हवा तोडतं. नाहीतर लावल्यावर वर प्लास्टिकचा कागद ताणून चिकटवा. आतपर्यंत मऊ असता तर सगळा खरवडून पुन्हा करावा लागला असता.

मुचकुंदी | 22 डिसेंबर, सकाळी 8.15

हुश्श. आता लाल भागाचं. तिथे नाळेवर बाबांनी 1991 मध्ये पांढऱ्या ऑइलपेंटने “टिटवी” लिहिलंय. त्यांच्या हातचं अक्षर आहे, फळ्यावर लिहायचे तसंच. घासलं तर जाईल. रंग मारायलाच हवा का?

मिऱ्याबंदर | 22 डिसेंबर, दुपारी 1.40

आधी तळहाताएवढी जागा घेऊन बघा. वॉटर पेपर (ओला घासायचा पॉलिश कागद), भरपूर पाणी, 600 नंबरने सुरुवात, मग 1000, मग 1500, शेवटी रबिंग. जर खालून लाल उजळ निघाला तर रंग मारू नका. विटलेला असतो तो वरचा पातळ पापुद्रा, जेलकोट स्वतः जवळजवळ अर्धा मिलीमीटर जाड असतो. फक्त एका जागी रेंगाळू नका. काचेचे धागे दिसू लागले म्हणजे जेलकोट संपला. अक्षरांच्या भोवती चिकटपट्टी लावून तेवढी जागा सोडता येईल.

हिरवाकंच | 22 डिसेंबर, दुपारी 3.05

पट्टी लावलीत तरी आधी ट्रेसिंग पेपरवर अक्षरं उतरवून घ्या ताई. पट्टी सुटते, मग हळहळ राहते.

मुचकुंदी | 11 जानेवारी, रात्री 9.45

लाल निघाला. अगदी मी पुढ्यात बसायचे तेव्हाचा. सहा संध्याकाळी घासलं, बाबा पाण्याचा मग धरून बसायचे आणि पेपर कोरडा पडला की ओतायचे. खांदे भरून आलेत. वर वॅक्सचे दोन हात दिले. नाळेत आणि मागे बाटल्या भरलेल्या जाळ्या घट्ट बसवल्या. वजन 27, दोन्ही टोकं जवळपास सारखी : 14 आणि 13.

हिरवाकंच यांचं ऐकलं ते बरं झालं. पट्टीखाली पाणी गेलं आणि जुना ऑइलपेंट सोलपटून आला. ट्रेसिंग आहे.

वाशिष्ठीकाठ | 12 जानेवारी, सकाळी 7.50

सगळा धागा रात्री वाचून काढला. पहिली चाचणी भांगाच्या भरतीला घ्या, अष्टमी-नवमीच्या आसपास, पाण्याला ओढ कमी असते. उधाणाला नको. लाइफ जॅकेट घालून, काठाला समांतर. आमच्या वाशिष्ठीत मी कयाकचं नावही काढत नाही, मगरी आहेत.

मुचकुंदी | 27 जानेवारी, रात्री 8.20

काल सकाळी भरती भरल्यावर उतरवली. बाबा धक्क्यावर खुर्चीत. मी तासभर खाडीत होते. ती नाक खुपसत नाही. वल्हं टाकलं की सरळ जाते, बाबा काठावरून बघत होते आणि परत आल्यावर पहिलं वाक्य हेच म्हणाले : “नाळ वर आहे.”

आत बसायच्या जागेखाली स्पंजने पुसून अर्धी वाटी पाणी निघालं. भोक आणि सांधा कोरडे आहेत, ओल सीटच्या त्याच दोन बोल्टांशी आहे.

मिऱ्याबंदर | 27 जानेवारी, रात्री 9.10

छान केलंत ताई. बोल्ट राहिलेच होते ते. काढून भोकं कोरडी करा, कडांना रेझिन पाजा, मग स्टेनलेसचे बोल्ट, खाली रबरी वायसर आणि भोकात सागरी सीलंट. आवळताना पूर्ण घट्ट करू नका, सीलंट वाळल्यावर शेवटचा अर्धा फेरा द्या.

आणि नाव?

मुचकुंदी | 2 फेब्रुवारी, संध्याकाळी 7.00

बोल्ट झाले, आज अर्धा तास नेली, आत थेंब नाही.

नाव बाबांनी लिहिलं. मी ट्रेसिंग चिकटवून रेघा उमटवून दिल्या होत्या. त्यांचा हात आता थरथरतो, म्हणून उजवं मनगट डाव्या हाताने धरून लिहिलं, तीन अक्षरांना पाऊण तास लागला. शेवटची वेलांटी रेघेच्या बाहेर गेली आहे. पुसून पुन्हा करू का विचारलं तर नको म्हणाले.